कामावरून काढलेल्यांसाठी ऑनलाइन कायदेशीर सल्ला: ४,९९९ रुपयांत काय मिळते

नोकरी गेलेल्या माणसाला घरबसल्या कायदेशीर सल्ला देणाऱ्या ऑनलाइन सेवा गेल्या काही वर्षांत बऱ्याच निघाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेचे ४,९९९ रुपयांचे 'टर्मिनेशन पॅकेज' माझ्या भाच्याने २०२४ मध्ये घेतले. त्यात वकिलाशी अर्धा तास फोनवर बोलणे, कागदपत्रांची तपासणी आणि कंपनीला पोचपावतीसह पोस्टाने जाणारी एक कायदेशीर नोटीस, अशा तीन गोष्टी मिळतात, आणि 'समेट कार्यवाहीसाठी', म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे होणाऱ्या तडजोडीच्या बैठकांसाठी, 'वकील' हवा असल्यास त्याचे पैसे वेगळे पडतात. सेवेचे नाव मी देत नाही, कारण साधारण अशीच मांडणी इतरांच्या जाहिरातींतही दिसते आणि माझे म्हणणे त्या मांडणीविषयी आहे. मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालो. आरोपपत्रे, चौकश्या आणि कामगार न्यायालयाच्या तारखा व्यवस्थापनाच्या बाजूने पाहण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या पॅकेजकडे मी थोड्या चिकित्सक नजरेने पाहिले, हे आधीच सांगितलेले बरे.

भाचा चाकणच्या एका वाहनभाग कारखान्यात ऑक्टोबर २०१७ पासून गुणवत्ता विभागात होता. जून २०२४ मध्ये त्याला दोन परिच्छेदांचे पत्र मिळाले. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, नेमणूकपत्रातील अटीनुसार एका महिन्याचा पगार खात्यात जमा केला आहे आणि ओळखपत्र सुरक्षा विभागाकडे जमा करावे, एवढाच त्यातला मजकूर. आरोप नाही, चौकशी नाही, पंधरा दिवस आधी नेमलेल्या नव्या मुलाचा उल्लेख तर अर्थातच नाही.

जे चांगले वाटले ते आधी सांगतो. पॅकेज घेतल्यावर लगेच एक सूचनापत्रक येते आणि ते खरोखर उपयोगाचे आहे. 'फुल अँड फायनल'च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर 'माझी कंपनीकडे कोणतीही मागणी शिल्लक नाही' असे छापलेले असेल तर सही करू नये, करावीच लागली तर 'हरकत राखून' असे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली तारीख टाकावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. हजेरीच्या नोंदी, पगारपत्रके आणि वरिष्ठांचे मेल कंपनीचे खाते बंद होण्यापूर्वी जपून ठेवावेत, दबावाखाली राजीनामा लिहून दिला असेल तर तो मागे घेत असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे, हेही आहे. हिंजवडीत आणि खराडीत 'राजीनामा दे, नाहीतर रेकॉर्ड खराब करू' असे ऐकून सही करून बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना हे एक पान वेळेवर मिळाले असते तर बराच फरक पडला असता. एवढ्या पानासाठी मी सेवेला मनापासून गुण देतो.

नोटीसही भाषेच्या दृष्टीने नीटनेटकी होती. मात्र 'सर्व अनुषंगिक लाभांसह पुन्हा कामावर घ्यावे' अशी मागणी करताना भाचा सध्या कुठेही कमावत नाही, हे साधे वाक्य तीत नव्हते. दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला मागील पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, पण आपण अन्यत्र कमावत नव्हतो हे कर्मचाऱ्याने निदान मांडले पाहिजे. ते एकदा मांडले की, तो कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. एका ओळीचे काम होते. नोकरीसाठी केलेले अर्ज जपून ठेवा, असेही भाच्याला कोणी सांगितले नाही.

आता फोनवरच्या अर्ध्या तासाविषयी. भाच्याने स्पीकर लावला होता आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. वकील तरुण होते आणि सौजन्याने बोलत होते.

"आपले पदनाम काय?"

"असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी."

"मग सर, आपण वर्कमन या व्याख्येत बसत नाही. लेबर कोर्टाचा मार्ग आपल्याला नाही. करारानुसार नोटीस पे मिळाला असेल तर आपण ग्रॅच्युइटीवर भर देऊ."

प्रकरण इथेच उलट्या रस्त्याला लागले. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील कामगाराची, म्हणजे 'वर्कमन'ची, व्याख्या पदनाम पाहत नव्हती, प्रत्यक्ष काम पाहत होती. शारीरिक, अकुशल, कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा तो कामगार, आणि मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकारावर असलेला माणूस त्याबाहेर, अशी ती रचना होती. पगाराची मर्यादा फक्त देखरेखीचे काम करणाऱ्याला होती आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ती महिन्याला १०,००० रुपये झाली होती. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची कोणतीही मर्यादा नव्हती. एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू या १९९४ च्या निकालात पादत्राणांच्या दुकानाच्या प्रमुखाचा प्रश्न होता. न्यायालयाने त्याला कामगार मानले नाही, पण त्याचे कारण त्याची पाटी नव्हे, तर दुकान चालवण्याचे त्याचे मुख्य अधिकार हे होते. पदनामाला फारसे महत्त्व नाही, कामाचे मुख्य स्वरूप पाहावे, ही कसोटी त्याच निकालात आहे.

भाच्याचे काम काय होते? पहिल्या पाळीत लाइनवरून ठरावीक वेळाने पाच-पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरने आणि प्लग गेजने ते तपासायचे, तपासणी अहवालाच्या रकान्यांत आकडे भरायचे आणि माप बसत नसलेला नग लाल पेटीत टाकून त्याला चिठ्ठी लावायची. अहवालाच्या तळाशी दोन जागा असतात, 'तपासणी करणार' आणि 'मंजुरी देणार'. साडेसहा वर्षांत त्याची सही दुसऱ्या जागी एकदाही पडली नव्हती. त्याच्या हाताखाली माणूस नव्हता, कोणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कोणाला मेमो देण्याचा त्याला अधिकार नव्हता. 'मॅनेजर' हा शब्द त्याला दोन वर्षांपूर्वी पगारवाढीऐवजी मिळाला होता. चाकण-रांजणगाव पट्ट्यात अशी पदे दिवाळीच्या मिठाईच्या पुड्यासारखी वाटली जातात, आणि ज्यांनी कार्मिक विभागात दिवस काढले आहेत त्यांना त्यामागचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. वकिलांनी 'दिवसभर आपण काय करता?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचा सगळा सल्ला बदलला असता. तपासणी अहवालाच्या प्रती भाच्याने संकेतस्थळावर चढवल्या होत्या, कागदपत्रांच्या तपासणीचे पैसेही भरले होते, पण त्या कोणी उघडून पाहिल्याचे दिसले नाही.

तो कामगार ठरला की बाकीचे आपोआप उलगडत जाते. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर इतर कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली, तर ती कायद्याच्या भाषेत कपात ठरते. अपवाद मोजकेच आहेत: स्वेच्छेने दिलेला राजीनामा, वयोमानानुसार निवृत्ती, मुदतीच्या कराराची मुदत संपणे आणि सततचे आजारपण. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द शब्दशः घ्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंट प्रकरणात पक्के केले. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि तोही काढतानाच, द्यावा लागतो. सहा महिन्यांहून अधिकचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. ही भरपाई न देता केलेली कपात मुळातच टिकत नाही. त्याखेरीज, शेवटी आलेला आधी जाईल हा नियम आहे, आणि इथे तर शेवटी आलेला मुलगा त्याच टेबलावर बसून तेच मायक्रोमीटर वापरत होता.

सेवेने हिशेबाचा जो तक्ता दिला तो याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. भाच्याचा सरासरी पगार ३२,००० रुपये आणि त्यातले मूळ वेतन १८,२०० रुपये होते. नोकरी सहा वर्षे आठ महिने, म्हणजे हिशेबाला सात वर्षे. सेवेच्या तक्त्यात ग्रॅच्युइटी सहा वर्षांची, म्हणजे ६३,००० रुपये धरली होती. वास्तविक ग्रॅच्युइटीतही सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष मानला जातो, म्हणून १८,२०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७, असे ७३,५०० रुपये व्हायला हवे होते. कपात भरपाईचा रकाना तक्त्यात नव्हताच. पंधरा दिवसांचे १६,००० याप्रमाणे सात वर्षांचे १,१२,००० रुपये होतात आणि ते ग्रॅच्युइटीव्यतिरिक्त, वेगळे. म्हणजे ४,९९९ रुपये घेणाऱ्या तक्त्याने १,२२,५०० रुपये सोडून दिले होते. ग्रॅच्युइटीची चूक मी आकडेमोडीतली चूक समजून सोडून देऊ शकतो, पण भरपाईचा रकानाच नसणे ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्याची फळे आहेत.

सर्वांत धोक्याची गोष्ट मात्र तारखेची होती. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा आहे, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे नुसते 'यूएलपी' म्हणतात. सूडबुद्धीने काढणे, हक्काचा देखावा करून वाईट हेतूने काढणे, खोट्या प्रकरणात गुंतवून काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने काढणे, किरकोळ चुकीला पूर्वीची चांगली नोंद न पाहता धक्कादायक शिक्षा देणे, अशा गोष्टी त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीखाली मांडल्या आहेत. कामगार न्यायालयाला यात अंतरिम आदेशही देता येतो, म्हणून अनुभवी कामगार वकील बहुतेकदा हाच रस्ता आधी पाहतात. परंतु तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, त्याला पुरेसे कारण द्यावे लागते, आणि 'मी नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत होतो' हे कारण न्यायालयाला पुरेसे वाटेलच असे नाही. भाच्याचे पत्र १० जूनचे, म्हणजे मुदत ८ सप्टेंबरपर्यंत. सेवेने नोटीस जुलैच्या शेवटी पाठवली, तीत कंपनीला ३० दिवसांची मुदत दिली, आणि 'उत्तर न आल्यास पुढील टप्प्याचे पॅकेज निवडा' असे सुचवले. या वेळापत्रकाने चाललो असतो तर पुढील टप्पा निवडेपर्यंत ऑगस्ट संपला असता. पॅकेजच्या एकाही कागदावर ९० हा आकडा नव्हता.

दुसरा रस्ता १९४७ च्या कायद्याचा, ज्यात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले की थेट कामगार न्यायालयात जाता येत असे आणि काढल्यापासून तीन वर्षांपर्यंत मुदत होती. दोन्ही रस्ते एकाच वेळी चालता येत नाहीत. एक निवडला की दुसरा बंद होतो, आणि म्हणून कोणता कशासाठी निवडायचा हे सांगणे हाच खरा सल्ला. नोटीस पाठवणे यात कुठेच सक्तीचे नाही. ती पाठवल्याने बिघडत नाही, पण तिच्यामुळे एक दिवसही मुदतीत वाढत नाही.

'समेट कार्यवाहीसाठी वकील' या जादा दराच्या सुविधेबद्दल काय म्हणावे ते कळत नाही. समेट अधिकाऱ्यापुढे कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत हजर राहण्याचा हक्क नाही, असे १९४७ च्या कायद्याच्या ३६ व्या कलमातच लिहिले होते. तिथे कामगारासोबत त्याच्या संघटनेचा पदाधिकारी किंवा त्याच उद्योगातला सहकारी बसू शकतो. जी खुर्ची वकिलासाठी नाही तिचे भाडे घेतले जात होते. मी ही गोष्ट लेखी विचारली तेव्हा 'आम्ही वकिली संस्था नाही, केवळ दुवा साधणारे व्यासपीठ आहोत' असे उत्तर आले. वकिलांनी जाहिरात करून अशिले मिळवू नयेत हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम पाहता ही शब्दरचना का केली असेल ते समजते. तिचा ग्राहकाला होणारा परिणाम एवढाच की, सल्ला चुकला तर तो कोणाचा, याचे उत्तर मिळत नाही.

याच्या समोर ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही ती नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, १५१०० हा मदत क्रमांक आहे. मिळणारा वकील कामगार कायद्यात मुरलेला असेलच असे मी म्हणणार नाही, पण ४,९९९ रुपयांच्या वकिलाबद्दलही तसे म्हणता येत नाही, हे वर आलेच आहे.

सुरुवातीला भरून घेतात तो अर्ज मी पुन्हा वाचून पाहिला. वय, शहर, पगार, कंपनीचा आकार, नोटीस मिळाली का, एवढे रकाने आहेत. काढले तेव्हा आपण आजारपणाच्या रजेवर होता का, हा प्रश्न नाही. वास्तविक विमाधारक कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला काढण्यास कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ७३ व्या कलमाने मनाई केली होती. गर्भारपण किंवा बाळंतपणाची रजा यांचा उल्लेख नाही, आणि १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याचे १२ वे कलम तर याच प्रसंगासाठी होते. 'न सांगता गैरहजर' म्हणून नाव कमी केले का, हेही विचारलेले नाही. स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, 'आठ दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल' असे लिहिले असले तरी कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय तसे करता येत नाही, हे डी. के. यादव प्रकरणात १९९३ मध्येच ठरले आहे. निलंबित असाल तर निर्वाहभत्ता मिळतो का, हा प्रश्न तर हवाच होता. पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि चौकशी कामगारामुळे लांबलेली नसेल तर पुढे ७५ टक्के, असा तो दर स्थायी आदेशांच्या कायद्यात होता. भत्ता न देता चालवलेल्या चौकश्या नंतर कोलमडताना मी व्यवस्थापनाच्या बाकावरून पाहिल्या आहेत.

ही सेवा कोणाच्याच कामाची नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो खरोखर व्यवस्थापक आहे, माणसे नेमतो, रजा मंजूर करतो, खर्चाला मान्यता देतो, त्याला कामगार न्यायालय उपलब्ध नसते आणि खासगी मालकाकडे पुन्हा नोकरी द्या असा हुकूम दिवाणी न्यायालय सहसा देत नाही. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने अमलात आणता येत नाही हे तत्त्व तिथे आडवे येते. अशा माणसाच्या हाती नोटीस पे, थकीत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि अनुभवपत्र एवढेच राहते, आणि त्यासाठी नीट लिहिलेली नोटीस बऱ्याचदा पुरते. 'प्रतिस्पर्ध्याकडे दोन वर्षे नोकरी करणार नाही' या कलमाचा धाक घालणाऱ्या कंपनीला करार कायद्याच्या २७ व्या कलमाची आठवण करून देणारा परिच्छेद सेवेच्या नमुन्यात आहे आणि तो उत्तम आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वरच्या पदांवर असलेल्यांनी पॅकेज घ्यायला माझी हरकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यावर सेवेच्या पानावर मोठी पट्टी लागली, पण अर्जाचे रकाने होते तेच आहेत. औद्योगिक संबंध संहितेने थेट न्यायाधिकरणात जाण्याची मुदत तीनवरून दोन वर्षांवर आणली आहे, देखरेख करणाऱ्याची पगारमर्यादा १८,००० रुपये केली आहे, कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागणाऱ्या कारखान्याची संख्या शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे, आणि कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद केली आहे. वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या माणसाचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते व्हायला हवे. वेतनाची व्याख्याही बदलली असून भत्ते निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, म्हणजे मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवणाऱ्या कंपन्यांत ग्रॅच्युइटी वाढू शकते. सेवेचा हिशेबाचा तक्ता अजूनही केवळ मूळ वेतनच विचारतो. ज्यांना आता पत्र मिळेल त्यांनी सल्लागाराला माझ्या भाच्याच्या मुदती सांगू नयेत, पत्राची तारीख सांगून आज कोणत्या कायद्याखाली कोणती मुदत चालू आहे ते लिहून मागावे.

भाच्याचे पुढे काय झाले, हे वाचकांना विचारावेसे वाटेल. पिंपरीतल्या एका कामगार संघटनेच्या कार्यालयात आम्ही गेलो, तिथल्या वकीलबाईंनी पत्राच्या आधी तपासणी अहवाल मागितले, आणि तक्रार ऑगस्टमध्येच दाखल झाली. कंपनीने उत्तरात अपेक्षेप्रमाणे 'हे तर मॅनेजर' असाच मुद्दा घेतला. अहवालाच्या तळाच्या सह्या दाखल झाल्यावर तडजोडीची भाषा सुरू झाली आणि कपात भरपाई, पूर्ण ग्रॅच्युइटी व वर काही महिन्यांचा पगार घेऊन भाच्याने प्रकरण मिटवले. त्याला तिथे परत जायचे नव्हते.

सेवेकडे पैसे परत मागितले असता 'नोटीस पाठवल्यानंतर परतावा मिळत नाही' ही अट दाखवली गेली. ती अट पैसे भरण्याच्या पानावर आहे, पण तळाशी, बारीक अक्षरांत. सूचनापत्रकाला पाचपैकी चार, नोटिशीच्या मसुद्याला तीन, आणि सल्ल्याला एक, तोही वकील वेळेवर फोनवर आले म्हणून.